प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर बसून पॅसिफिक ओलांडला, त्याने समुद्राचं काय भलं झालं?

मंदाकिनी

२०१० च्या ऑगस्टमध्ये आम्ही सिडनीला येऊन जेमतेम चार महिने झाले होते. एका रविवारी लेकाला बाबागाडीत घालून डार्लिंग हार्बरला गेलो, तर तिथल्या सागरी संग्रहालयाच्या धक्क्याला एक विचित्र जहाज लागलेलं दिसलं. दोन्ही अंगांना बाटल्यांच्या रांगाच रांगा, आपण शीतपेयाच्या पितो तसल्या दोन लिटरच्या, आणि मधोमध घुमटासारखी एक खोली. नाव 'प्लास्टिकी'. सॅन फ्रान्सिस्कोहून २० मार्चला निघून ख्रिसमस बेट, सामोआ, न्यू कॅलेडोनिया असं करत ते २६ जुलैला सिडनीत पोचलं होतं. आठ हजार सागरी मैलांहून जास्त प्रवास, गलबतावर सहा माणसं, आणि कप्तान एक बाई, जो रॉईल.

ही कल्पना डेव्हिड डी रॉथशिल्ड यांची. थॉर हायरडाल १९४७ मध्ये बाल्सा लाकडाच्या 'कॉन-टिकी' तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशियाला गेले होते, त्यावरून हे नाव घेतलं. हायरडाल यांचा नातू ओलाव्ह या सफरीत काही काळ होता. साठ फुटी गलबताला तरंगतं ठेवायला सुमारे साडेबारा हजार वापरलेल्या बाटल्या. प्रत्येक बाटलीत कोरड्या बर्फाची भुकटी घालून झाकण घट्ट लावायचं, म्हणजे तिचा वायू होऊन बाटली आतून दगडासारखी टणक होते. मी हात लावून पाहिलं नाही, दोरी बांधली होती, पण तासभर तिथून हलले नाही.

आज तो लेक सोळा वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात त्याने तो फोटो पाहिला आणि विचारलं, "आई, मग प्लॅस्टिक कमी झालं का?" मला उत्तर देता आलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला जागतिक प्लॅस्टिक कराराची बोलणी पुन्हा फिसकटली, त्याआधी दक्षिण कोरियात बुसानला फिसकटली होती. तरीही माझं मत सांगते: अशा सफरी व्हायलाच हव्यात. समुद्रातला कचरा किनाऱ्यावरच्या माणसाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यासाठी कुणी कायदा करत नाही. आमच्या न्यू साउथ वेल्समध्ये १ डिसेंबर २०१७ पासून रिकामी बाटली परत दिली की दहा सेंट मिळतात. माझा लेक त्यातून सायकलीला पैसे साठवतो. हे एका सफरीमुळे झालं असा माझा दावा नाही. पण लोकांच्या मनाची मशागत अशाच गोष्टींनी होते असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

सरळरेषा

मंदाकिनी, लेख आवडला, मत अजिबात पटलं नाही.

रॉथशिल्ड हे युरोपातल्या एका बड्या सावकारी घराण्याचे वारस. त्यांच्याकडे वेळ होता, पैसा होता, पुरस्कर्ते होते. चार महिने जगभरची वृत्तपत्रं त्यांच्यामागे धावली. या चार महिन्यांत प्लॅस्टिकचा एक तरी कारखाना थांबला का? २०१७ मध्ये जे मोठं मोजमाप झालं त्यानुसार तोवर माणसाने ८३० कोटी टन प्लॅस्टिक बनवलं होतं, आणि जे टाकून दिलं गेलं त्यातलं फक्त ९ टक्के पुन्हा वापरात आलं होतं. म्हणजे शंभरातलं नव्वद आणि वर एक किलो कुठेतरी जळलं, पुरलं गेलं किंवा वाहून गेलं.

आणि अशा जहाजाकडे पाहून मनात काय ठसतं? बाटली वाईट नाही, ती चुकीच्या जागी पडली म्हणून वाईट. बाटल्या विकणाऱ्याला याहून सोयीचं वाक्य मिळणार नाही. दोष गिऱ्हाइकाचा, उपाय पुनर्वापराचा, आणि कारखाना चालूच. नळ उघडा ठेवून फरशी पुसणाऱ्याचं कौतुक करायला माझं मन तयार होत नाही.

भरतीओहोटी

मी सागरी जीवशास्त्र शिकवते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थांबवते.

'प्लास्टिकी'च्या दोन वर्षं आधी, १ जून २००८ ला, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचहून एक तराफा निघाला होता. त्याचं नाव 'जंक', म्हणजे सरळ भंगार. मार्कस एरिक्सन आणि जोएल पास्कल हे दोघंच त्यावर. जुन्या जाळ्यांत कोंबलेल्या पंधरा हजार बाटल्या, वर जुन्या शिडाच्या बोटींचे खांब आडवे टाकून केलेला माचा आणि राहायला सेस्ना विमानाचा सांगाडा. पहिल्याच दिवसांत लाटांच्या हेलकाव्यांनी बाटल्यांची झाकणं आपोआप फिरून सैल व्हायला लागली आणि तराफा खाली बसू लागला. एका बेटाच्या आडोशाला थांबून झाकणं पुन्हा बसवावी लागली. नंतर जवळजवळ तीन महिन्यांनी ते हवाईला पोचले. वाटेत भर समुद्रात त्यांना एकटीने वल्हं मारत निघालेली रॉझ सॅव्हेज भेटली. तिच्याकडचं पाणी संपत आलेलं, यांच्याकडचं अन्न संपत आलेलं. अदलाबदल करून दोन्ही नावा आपापल्या वाटेला लागल्या. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून सांगितली.

आता मुद्दा. त्याच एरिक्सन यांनी नंतर सहकाऱ्यांबरोबर जगभरच्या समुद्रांत बारीक जाळी ओढून नमुने घेतले आणि २०१४ मध्ये अंदाज मांडला: पृष्ठभागावर तरंगणारे ५.२५ लाख कोटी तुकडे, वजन सुमारे २ लाख ६९ हजार टन. सरळरेषा, तुम्हाला आकडे हवे असतात ना? ते मोजणारा माणूस बाटल्यांच्या तराफ्यावर बसलेला होता. जहाज ताशी पंधरा मैलांनी पुढे गेलं की पाण्यात काय आहे ते दिसत नाही. तराफा रांगतो, पाण्याला चिकटून असतो, म्हणून दिसतं. हायरडालही १९७० मध्ये पपायरसच्या 'रा-२' वरून अटलांटिक ओलांडत होते तेव्हा ५७ पैकी ४३ दिवस त्यांना पाण्यात तेलाचे गोळे दिसले. त्यांनी रोजची नोंद ठेवून ती संयुक्त राष्ट्रांकडे पाठवली. तसे डांबरगोळे आपल्याकडे गोव्यात आणि कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला किनाऱ्यावर येतात, पायाला लागले की रॉकेलशिवाय निघत नाहीत. कोकणात वाढलेल्यांना ते माहीत असतं.

पण मंदाकिनी, एक गोष्ट तुमच्या विरोधात जाते. बाटली ज्या पेट प्लॅस्टिकची असते ते पाण्यापेक्षा जड असतं. झाकण आहे तोवर आतल्या हवेवर ती तरंगते. झाकण निघालं की तळाला. झाकण मात्र वेगळ्या, हलक्या प्लॅस्टिकचं, ते वर्षानुवर्षं तरंगत राहतं. त्यामुळे पॅसिफिकमधल्या त्या कचऱ्याच्या पट्ट्यात गेलात तर बाटल्यांचं बेट सापडत नाही. २०१८ च्या अभ्यासात तिथल्या सुमारे ७९ हजार टन प्लॅस्टिकपैकी ४६ टक्के वजन मासेमारीच्या जाळ्यांचं निघालं. लोकांच्या मनात 'प्लॅस्टिकचं बेट' हे चित्र बसलं, ते चुकीचं आहे, आणि बाटल्यांच्या जहाजांनी ते पुसलं नाही, उलट घट्ट केलं.

वसईचा नाखवा

वर ४६ टक्के जाळी लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. ती उत्तर पॅसिफिकमधली मोठ्या जहाजांची जाळी. उद्या कुणीतरी हा आकडा उचलून आमच्या कोळीवाड्यावर टाकेल.

आमची डोल. दोन खुंटांच्या मध्ये जाळं लावायचं, भरती-ओहोटीचा ओढा जे आणेल ते आत. जाळं कुणाच्या मागे धावत नाही, पाणी जे देईल ते घेतं. त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत काय वाहतंय याचा सगळ्यात खरा हिशोब आमच्या खोल्यात असतो. खोला म्हणजे जाळ्याचं शेवटचं टोक, जिथे म्हावरं जमतं. माझा बाप खोला सोडायचा तेव्हा करंदी आणि बोंबील पडायचे. मी सोडतो तेव्हा आधी पिशव्या पडतात. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या दिवसांत तर विचारू नका. म्हावरं निवडायला बायका बसतात, त्यांचा निम्मा वेळ कचरा वेगळा करण्यात जातो आणि तोवर बोंबील मऊ पडतो. मऊ पडला की भाव गेला. हे नुकसान कुणाच्या वहीत नाही.

आमची चूकही सांगतो, नाहीतर खोटं होईल. फाटलेलं नायलॉन बंदरावर आणायचा कंटाळा करून पाण्यात सोडणारे आमच्यातही आहेत. सुताची जाळी होती तेव्हा ती कुजून जायची. नायलॉन जात नाही, आणि सुटलेलं जाळं तळाशी मासे मारत बसतं.

पण त्या पाहुण्यांच्या सफरीबद्दल विचाराल तर, चार महिने समुद्रात राहिले म्हणून त्यांना नमस्कार. आम्ही जन्मभर राहतो. आमच्याकडे कॅमेरा कधी आला नाही.

सरळरेषा

नाखवा, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्याहून चांगलं म्हणालात.

मंदाकिनी

नाखवा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. बोंबील मऊ पडण्याचा हिशोब मला खरंच ठाऊक नव्हता.

पण 'त्यांच्याकडे कॅमेरा गेला आणि आमच्याकडे आला नाही' यातून 'ते गेले नसते तर बरं' असं निघत नाही. कॅमेरा तुमच्याकडे यायला हवा असं निघतं. आणि तो आणण्याचं एक उदाहरण आहे, तेही आपल्याच समुद्राच्या पलीकडच्या तीरावरचं. केनियातलं लामू हे बेट. कच्छ-कोकणातली गलबतं मोसमी वाऱ्यावर जायची त्याच किनाऱ्यावरचं. तिथल्या अली स्कांदा नावाच्या पारंपरिक होडीकाराने आणि त्याच्या सुतारांनी किनाऱ्यावरून गोळा केलेल्या सुमारे दहा टन प्लॅस्टिकपासून एक धाव, म्हणजे तिथलं शिडाचं गलबत, बांधलं. वितळवून फळ्या ओतल्या आणि लाकडासारख्या तासल्या. वरून तीस हजार टाकून दिलेल्या रबरी चपलांचे रंगीत तुकडे लावले. नाव 'फ्लिपफ्लॉपी'. २०१९ च्या सुरुवातीला ते लामूहून झांजिबारपर्यंत पाचशे किलोमीटर गेलं आणि वाटेत गावोगावी थांबून शाळांशी, पंचायतींशी बोललं. इथे कुणी श्रीमंत वारस नव्हता, बांधणारे हात तिथलेच होते. सरळरेषा, यालाही तुम्ही दिखावा म्हणाल?

सरळरेषा

दिखावा म्हणणार नाही. स्कांदांच्या कामाबद्दल आदरच आहे. तरीही माझा प्रश्न तिथेच आहे. केनियाने प्लॅस्टिक पिशव्यांवर कडक बंदी घातली ती २०१७ मध्ये, गलबत निघालं २०१९ मध्ये. आधी कायदा, मग गलबत. तुमची मशागतीची उपमा इथे उलटी पडते.

आपल्याकडेही कायदा झालाच होता. महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्या परत घेण्याची तरतूद होती: एक लिटर किंवा मोठ्या बाटलीला एक रुपया, त्याहून लहान बाटलीला दोन रुपये. किती जणांनी कधी तो रुपया परत घेतला? मी एकदाही घेतलेला नाही. कमी पडली ती अंमलबजावणी, आणि तिच्यासाठी समुद्रात जावं लागत नाही, ज्याच्या हातात कागद आहे त्याच्या टेबलासमोर बसावं लागतं.

अनघा_पुणे

मी कचरावेचकांबरोबर बावीस वर्षं काम करते. तुम्ही सगळे बाटलीवर भांडताय, म्हणून एक गोष्ट सांगते.

पुण्यात रस्त्यावर पाण्याची रिकामी बाटली टाका. तासाभरात ती कुणीतरी उचललेली असते, कारण तिला भाव आहे. भंगारवाला किलोवर घेतो. त्या बाटलीला परत करायचा रुपया लागत नाही, ती तशीच परत जाते, कुणातरी बाईच्या पाठीवरच्या पोत्यातून. आता तिथेच वेफर्सचं पाकीट टाका, शाम्पूची पुडी टाका, गुटख्याची पुडी टाका. वर्ष झालं तरी तिथेच. आत चांदीसारखा थर, बाहेर प्लॅस्टिक, मध्ये आणखी काही. हे थर एकमेकांपासून सुटत नाहीत म्हणून वितळवून काही बनत नाही, म्हणून भाव नाही, म्हणून कुणी वाकत नाही. पाऊस आला की ते ओढ्यात, ओढ्यातून नदीत. नाखवांच्या खोल्यात पडतं ते हेच असणार. सांगा ना नाखवा, बाटल्या किती आणि पाकिटं किती?

म्हणून मला 'प्लास्टिकी'चं सगळ्यात जास्त खटकतं ते हे की ज्या वस्तूला गरीब माणूस आधीच उचलत होता तिचंच जहाज केलं. पाकिटांचं जहाज कुणी केलं असतं तर मी धक्क्यावर हार घेऊन उभी राहिले असते.

कायद्याचंही ऐका. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत पुन्हा वापरता न येणारं बहुथरी प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करायचं असं होतं. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली: जे पुन्हा वापरता येत नाही, ज्यातून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, तेवढंच बंद. जाळलं की ऊर्जा मिळतेच. मग बंद काय होणार? दोन-चार शब्द बदलले आणि पाकीट वाचलं. त्या दिवशी आमच्या बायकांना ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी आमीच वाकायचं."

वसईचा नाखवा

अनघाताई, बरोबर ओळखलंत. बाटल्या थोड्या येतात आणि त्या आमची पोरंच विकतात. बाकी सगळं पाकीट, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, दोऱ्या, थर्माकोलचा चुरा.

होडीवाला

रत्नागिरीकडे आमचा होड्या बांधायचा व्यवसाय आहे, आजोबांपासून. आजोबा सागवानाच्या बांधायचे, मी फायबरच्या. सगळे जहाजातल्या बाटल्यांबद्दल बोलताय. माझं लक्ष जहाजाच्या सांगाड्यावर आहे, आणि माझ्या मते या सफरीची खरी कमाई तिथे आहे.

फायबरची होडी म्हणजे साच्यात काचेची मॅट अंथरायची, वर रेझिन, त्यात हार्डनर. एकदा घट्ट झालं की झालं. ते रेझिन पुन्हा वितळत नाही, काच त्यातून सुटत नाही. होडी वीस-पंचवीस वर्षं चालते, मग काय? लाकडाची जुनी होडी चुलीत जायची किंवा मातीत जायची. फायबरची खाडीकाठी पालथी पडून राहते. आमच्या खाडीत आज माझ्या काकाने बांधलेल्या तीन होड्या पडल्यात. कुणी त्या जाळतात, त्या धुराने डोळे फुटतात. फोडल्या तर चुरा चिखलात. म्हणजे प्लॅस्टिकचा कचरा गोळा करणारी होडी स्वतःच उद्याचा कचरा. हे दुःख आमच्या धंद्यात कुणी मोठ्याने बोलत नाही.

त्या लोकांनी सांगाडा बांधला तो पेटचाच. धागाही पेटचा आणि धाग्याला बांधून ठेवणारा लगदाही पेटचा. दोन्ही एकाच जातीचे, म्हणून उद्या सगळं एकत्र वितळवता येतं. अनघाताईंच्या पाकिटाच्या बरोबर उलटं. पाकिटात न जमणाऱ्या जाती चिकटवल्यात, इथे एकच जात ठेवली. आणि जोडायला काजू आणि ऊस यांपासून केलेला गोंद. हे वाचून मला आजी आठवली. काजूच्या टरफलाचं तेल काढून लाकडी होडीच्या तळाला चोपडायचे, लाकूड सडत नसे. हाताची सालपटं निघायची, तरी चोपडायचे.

सरळरेषा म्हणतात कारखाना थांबला का. नाही थांबला. पण साठ फुटी होडी फायबर न वापरता बांधता येते आणि ती पॅसिफिक ओलांडते, हे कुणीतरी जीव घालून दाखवल्याशिवाय माझ्यासारखा माणूस विश्वास ठेवत नाही. प्रयोगशाळेतल्या तुकड्यावर मी खलाशी चढवणार नाही. मंदाकिनीताई, तुम्ही ती समोरून पाहिलीत. जोड कसे दिसत होते? आणि बाजूला कुठे चीर, फुगवटा?

मंदाकिनी

होडीवाला, मला होडीतलं काही कळत नाही, जे डोळ्यांनी दिसलं ते सांगते. धक्क्यावरून चीर अशी दिसली नाही. बाटल्यांचा पारदर्शकपणा गेला होता, उन्हाने त्या धुरकट झाल्यासारख्या वाटत होत्या. पाण्याच्या रेषेखालचं काही दिसलं नाही. जोड मी पाहिलेच नाहीत, पाहायचे असतात हेच ठाऊक नव्हतं.

अनघा, तुमचं बोलणं मला लागलं आणि पटलंही. जहाज पाहून घरी आले तेव्हा मी पाण्याच्या बाटल्या विकत घेणं बंद केलं. लेकाच्या डब्यात मात्र वर्षानुवर्षं वेफर्सचं पाकीट जात राहिलं, आणि ते कधी खुपलं नाही, कारण जहाजाने मला बाटली दाखवली होती, पाकीट नाही. सफरी व्हायला हव्यात हे माझं मत बदललेलं नाही. पण कशाची नाव करायची हे आधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायला हवं होतं, एवढं मी मान्य करते.

सरळरेषा

होडीवाल्यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो मी विचारात घेतलाच नव्हता. मात्र उत्पादन कमी करण्याची सक्ती कुठल्याही करारात येत नाही तोवर उरलेलं सगळं दुय्यम, हे माझं म्हणणं कायम. मंदाकिनी, तुमच्या लेकाला सांगा, जिनिव्हात बोलणी अडली त्यातलं एक मोठं कारण हेच: उत्पादनावर मर्यादा घालायची की नुसता कचरा आवरायचा. तेल विकणाऱ्या देशांना दुसरं हवंय.

भरतीओहोटी

नाखवा, एक विनंती. केरळात नींडकरा बंदरावर २०१७ पासून होड्या जाळ्यात आलेलं प्लॅस्टिक परत आणतात, तिथे ते वेगळं करून भुगा करतात आणि रस्त्याच्या डांबरात वापरतात. आपल्याकडे व्हेल शार्क किंवा कासव सोडवायला जाळं कापलं तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, म्हणजे नाखवाने समुद्रासाठी केलेल्या कामाचे पैसे द्यायची वाट तयार आहे. प्लॅस्टिक परत आणण्याचे पैसे का नकोत? पण मागायला आकडा लागतो, आणि डोल जाळ्यासारखं मोजमापाचं साधन माझ्या अख्ख्या विभागाकडे नाही. एका होडीचा एका महिन्याचा आकडा मिळाला तरी मी पुढचं करते.

वसईचा नाखवा

देतो. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली की पहिल्या फेरीपासून. म्हावऱ्याचा काटा आहेच, त्यावरच तोलतो. पण ओलं वजन येईल, चिखलासकट. चालेल का? आणि कसं वेगळं करायचं ते अनघाताईंनी सांगावं, बायकांना एकदाच समजावतो.

अनघा_पुणे

पाच गोण्या करा, जास्त नकोत, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी करणार नाही. चकचकीत पाकिटं आणि पुड्या एक. साध्या पिशव्या दोन. बाटल्या-डबे तीन. दोऱ्या आणि जाळी चार. उरलेलं पाच. चकचकीत आहे की साधं हे कळत नसेल तर मुठीत चुरगाळा. सोडल्यावर करकर करत उलगडलं तर पहिल्या गोणीत. शनिवारी मी येऊ शकते, वसई रोडहून बंदरावर कसं यायचं ते कळवा.